हळू वाजणारा बँड ऐकायला जाल तेव्हा

मी साऊंडवाला आहे. बावीस वर्षं नागपुरात मिक्सरमागे, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलामागे, बसतोय. गणपती, शारदोत्सव, भीमजयंतीचे गाण्यांचे कार्यक्रम, नाटकं, शाळांची गॅदरिंग, लग्नातले ऑर्केस्ट्रा, सगळं केलं. गेल्या सात-आठ वर्षांत त्यात एक नवीन काम आलं. स्वतःची गाणी स्वतः लिहून वाजवणारे चार-पाच पोरांचे बँड. त्यातही मला जीव लावून गेले ते उदास बँड. स्टेजवर जेमतेम उजेड ठेवतात, एकच सूर मिनिटभर धरून बसतात, गाणारा जवळजवळ पुटपुटतो, आणि मग केव्हातरी पाचव्या-सहाव्या मिनिटाला सगळं एकदम उसळतं.

लोक तिकीट काढून येतात आणि त्यातले बरेच अर्ध्यातून उठून जातात. "काही समजलंच नाही बावा," म्हणतात. मिक्सरवरून मला सगळा हॉल दिसतो, त्यामुळे कोण का कंटाळलं तेही दिसतं. उशिरा आलेला असतो, चुकीच्या जागी उभा असतो, किंवा पहिल्याच गाण्याला धडाका मागत असतो. तिन्ही गोष्टी टाळता येतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

खरं तर असं ऐकणं आपल्या शहराला नवीन नाही. सुरेश भटांच्या गझलेवर जीव टाकणारी माणसं इथली, त्यांच्या नावाचं सभागृह रेशीमबागेत आहे. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडेंच्या नावाचं सभागृह आहे, त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोहही होतो. विलंबित ख्याल ऐकणारा माणूस पहिली पंधरा-वीस मिनिटं गवयाकडे काही मागत नाही. घर बांधून होऊ देतो. ह्या बँडांना नेमकी हीच सवलत द्यायची. गिटार आहे, ड्रम आहे म्हणून आपण डीजेच्या अपेक्षेने जातो आणि तिथेच फसतो.

मला स्वतःला हे समजलं ते माझ्याकडे केबल ओढणाऱ्या एका पोरामुळे. एका लग्नाच्या लॉनवर सामान उतरवून आम्ही चहा पीत होतो. त्याने हेडफोन माझ्या कानात घातले. "भाऊ, हे ऐका नं. आवाज कसा पसरून राह्यला पाहा." सिगारेट्स आफ्टर सेक्स नावाचा अमेरिकन बँड होता, २००८ साली टेक्सासमधल्या एल पासो गावात सुरू झालेला. गाणाऱ्याचा आवाज इतका हळू की कुणी शेजारच्या खोलीत बोलतंय असं वाटावं, आणि भोवती मोठी रिकामी जागा. मी समजलो, आवाज घुमवणारं भारी रिव्हर्ब मशीन लावलं असेल. नंतर कळलं की त्यांचं सुरुवातीचं रेकॉर्डिंग तिथल्या विद्यापीठाच्या एका जिन्यात केलेलं आहे. चार मजल्यांचा जिना घुमतो, हे मला लहानपणापासून माहीत. पण कुणी त्या घुमण्यालाच वाद्य करावं, हे नव्हतं सुचलं कधी. २०२५ च्या जानेवारीत तो बँड मुंबईत येऊन गेला. माझं त्या आठवड्यात काम होतं, जाता आलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

तर आता तयारी. कार्यक्रमाच्या आधी पंधरा दिवस बँडचा एक अख्खा अल्बम क्रमाने ऐका. सगळ्यांत गाजलेलं एकच गाणं शंभरदा ऐकून जाऊ नका, कारण ते गाणं बहुतेक शेवटी येतं आणि तोवर तुम्ही नुसती वाट बघत उभे राहता. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. एवढ्याशा स्पीकरातून बेस गिटारचे खालचे सूर बाहेर येत नाहीत, आणि अशा बँडांत पुष्कळदा खरी चाल बेसच धरून असतो. साधा हेडफोन चालेल. एकदा फक्त बेसकडे लक्ष देऊन ऐका, एकदा फक्त ड्रमकडे. रात्री, दिवा मालवून. दोन-तीनदा असं झालं की प्रत्यक्ष कार्यक्रमात कान आपोआप जागेवर जातात.

शब्दांचं म्हणाल तर परवाझ नावाचा बंगळुरूचा बँड उर्दू आणि काश्मिरीत गातो. काश्मिरी आपल्याला कुठून समजणार? गाण्याचा अर्थ एकदा शोधून वाचून ठेवा आणि मग विसरून जा. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी इंग्रजीत गातो, त्यांच्यात ट्रम्पेटही आहे. ह्या दोघांपासून सुरुवात केलीत तर उदासीचे दोन अगदी वेगळे रंग कानावर पडतील. परवाझचं गाणं डोंगरासारखं हळूहळू चढतं. पीटर कॅटचं एखाद्या जुन्या हॉटेलात लग्नाचा बँड दमून वाजवत असावा तसं झुलतं.

तिकिटासाठी बुकमायशो आणि डिस्ट्रिक्ट ही ॲप बघत राहा, पण त्याहून बँडचं स्वतःचं इन्स्टाग्राम पेज बघा. आपल्याकडच्या तारखा उशिरा ठरतात आणि पहिल्यांदा तिथेच दिसतात. धरमपेठ, रामदासपेठ, सदर ह्या भागांत कॅफे आणि गच्च्यांवर छोटे कार्यक्रम होतात, त्यांची जाहिरात रस्त्यावर कधी लागत नाही. कॉलेजांचे फेस्टिव्हल असतात, व्हीएनआयटीचा आरोही त्यातला मोठा. मात्र बाहेरच्यांना त्या रात्री प्रवेश आहे का, ते आधी विचारून घ्या.

वेळेबद्दल जरा सविस्तर सांगतो. तिकिटावर बहुतेक गेट उघडण्याची वेळ असते. मुख्य बँड त्यानंतर तासा-दीड तासाने चढतो, आधी एखादा स्थानिक बँड वाजवतो. म्हणून लोक आरामात निघतात. आता कार्यक्रम उघड्यावर असेल तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लागतात. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, पण अशा कार्यक्रमाच्या नशिबी तो दिवस क्वचित येतो. बंद सभागृहाला हा नियम तसा लागत नाही. म्हणजे लॉनवरचा कार्यक्रम ७ चा असेल आणि तुम्ही ९ ला पोचलात, तर उरला एक तास. दहा वाजता माझ्या शेजारी पोलीस येऊन उभे राहतात आणि मला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घ्यावाच लागतो. मग गाणं कितीही सुंदर वळणावर असो. हे मी तीनदा केलं आहे आणि तिन्ही वेळा हात जड झाला.

गेट उघडताना पोचण्याचा आणखी एक फायदा असतो. कधीकधी साऊंडचेक लांबतो आणि त्याचा शेवट ऐकायला मिळतो. ड्रमर एकच ठोका वीस वेळा मारतो, गिटारवाला एकच तार छेडतो. कंटाळवाणं वाटेल, पण कुठला आवाज कुणाचा हे तिथे सुटं सुटं कळतं. आणि आधीचा स्थानिक बँड जरूर ऐका. आपलीच पोरं असतात, लक्ष्मीनगरच्या एखाद्या खोलीत भिंतींना गाद्या लावून सराव करणारी.

बाकी सामानाचं थोडक्यात. पायात बूट, कारण दोन-तीन तास उभं राहायचंय आणि अंधारात पायावर पाय पडतो. हेल्मेट गाडीलाच कुलपाने अडकवा. हातात हेल्मेट घेऊन उभा राहिलेला माणूस टाळीही वाजवू शकत नाही. मेट्रोने येणार असाल तर येताना छान, सीताबर्डीला लाईन बदलता येते. परतताना मात्र तिच्या भरवशावर राहू नका, रात्री दहाच्या सुमारास ती थांबते. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर असाल तर कानटोपी ठेवा. इथली थंडी दहानंतर अंगात शिरते आणि गिटारच्या तारांतही शिरते. थंडीने तार आखडते, सूर वर सरकतो, म्हणून गिटारवाला दोन गाण्यांच्या मध्ये सारखा सूर लावत असेल तर त्याला वेळ द्या. जेवण हलकं करून या. सावजी नंतर.

कानाची काळजी मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाला आठ तास सोसतो असं धरतात. त्यावर दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. हिशेब करत गेलात तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. उदास बँड हळू वाजवतात हे खरं, पण जिथे उसळतात तिथे सहज शंभरच्या घरात जातात. फोमचे बोळे औषधाच्या दुकानातही मिळतात. ते आवाज कमी करतात, पण वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे गाणं घोंगडीखालून ऐकल्यासारखं होतं. वादकांसाठी बनवलेले इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारखे कमी करतात. थोडे महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. माझ्या उजव्या कानात रात्री एक बारीक शिट्टी वाजते. कामाला लागलो तेव्हाची पहिली दहा वर्षं मी कानात काहीच घातलं नव्हतं. तुम्ही घाला, आणि लहान मुलांना आणलंत तर त्यांना आधी घाला.

आता जागा. बहुतेक लोकांना स्टेजला चिकटून उभं राहायचं असतं. गाणाऱ्याचा चेहरा दिसतो, खरं आहे. पण छोट्या जागी तिथे तुम्हाला ड्रम आणि गिटारचा ॲम्प, म्हणजे तिचा स्वतःचा स्टेजवरचा स्पीकर, थेट ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज मात्र येतो तो दोन बाजूंच्या स्पीकरमधून, आणि त्या स्पीकरांची तोंडं तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांकडे असतात. म्हणजे चेहरा जवळ आणि शब्द लांब. जो बँड पुटपुटतो, त्याचा शब्दच गेला तर उरलं काय?

कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीला टेकूनही राहू नका. खालचे सूर भिंतीपाशी आणि कोपऱ्यात साचतात. तिथे बेसचा नुसता गोळा ऐकू येतो, छाती धडधडते आणि चाल हरवते. वरच्या सुरांचं उलट. ते सरळ रेषेत जातात आणि माणसांच्या अंगात जिरतात. स्पीकर खाली ठेवलेले असतील आणि तुमच्यापुढे तीन उंच पोरं असतील, तर झांजेची झिलई आणि शब्दांतले 'स', 'श', 'च' तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये मी सगळं जुळवतो, आणि संध्याकाळी तीनशे माणसं आली की हॉल बदलतो. मग पहिली दोन गाणी माझा हात सतत चालू असतो. म्हणून पहिल्या गाण्यावरून साऊंडला नावं ठेवू नका. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा.

तर उभं कुठे राहायचं? मिक्सर शोधा. टेबलावर निळसर उजेड, मागे वाकलेला माणूस. त्याच्या पुढे दोन-चार पावलं, जरासं एका बाजूला. मी जे ऐकून आवाज जुळवतोय, तेच तुम्हाला तिथे ऐकू येतं. गर्दीही त्या मानाने कमी असते. मोठ्या मैदानात तर मिक्सरच्या फार मागे जाऊच नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे उभे राहिलात तर ड्रमची काडी पडलेली आधी दिसते आणि ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. हळू गाण्यात एवढा उशीरही जाणवतो.

एक रात्र सांगतो. धरमपेठेतली एक गच्ची, शंभर-सव्वाशे माणसं, दक्षिणेकडून आलेला चौघांचा बँड. त्यांचं एक गाणं असं की मध्ये गिटारवाला एक सूर वाजवतो आणि तो पूर्ण विरेपर्यंत कुणी काही वाजवत नाही. साऊंडचेकला तो सूर विरला आणि त्याच्या खालून आली 'हम'. घूंऽऽ अशी, बारीक. आपल्या विजेची ५० हर्ट्झची. माझ्याकडचा केबलवाला पोरगा म्हणाला, "भाऊ, काऊन येऊन राह्यली ही?" आम्ही केबल बदलल्या, जॅक बदलले, लाईटची लाईन वेगळी केली. गिटारवाला वीस-एकवीस वर्षांचा, एक शब्द बोलला नाही. नुसता तो सूर परत परत वाजवून कान देत होता. शेवटी सापडलं. ज्या प्लगवर त्याचे पेडल, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचे डबे, होते, त्याच लाईनवर आईस्क्रीमचा डीप फ्रीझर होता आणि अर्थिंग ढिलं. मालकाला विनंती केली. त्याने दोन तास फ्रीझर बंद ठेवला आणि आईस्क्रीमचे डबे शेजारच्या घरी नेऊन ठेवले. रात्री ते गाणं आलं. सूर वाजला, विरत गेला, खाली काहीच नव्हतं. लांब कुठेतरी एक रिक्षा वळली तीही ऐकू आली. आणि नेमकं तेव्हा मागच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी फोनवर मोठ्याने गाडीचा पत्ता सांगायला सुरुवात केली.

मला त्यांच्यावर राग नाही धरायचा. त्यांना माहीतच नव्हतं की तेवढ्या शांततेसाठी दुपारी तीन तास लागले होते. पण तुम्हाला आता माहीत आहे. वाजणं थांबलं म्हणजे गाणं संपलं असं समजू नका. ड्रमरच्या हातांकडे बघा. काड्या हवेत किंवा झांजेपाशी धरलेल्या असतील तर गाणं चालू आहे. हात मांडीवर आले की टाळ्या. तबलजीच्या हातांकडे बघून आपण समेची जागा ओळखतो, तसंच.

फोनचं मी एवढंच सांगेन की एक गाणं काय ते रेकॉर्ड करा, पडद्याचा उजेड कमी करून, आणि मग खिशात ठेवा. अंधार हा त्यांच्या कार्यक्रमाचा भाग असतो. एक पेटलेला पडदा मागच्या तीस लोकांचा अंधार मोडतो.

गिटारवाला तुमच्याकडे बघत नाही, हसत नाही, पायाकडे बघतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या पायाशी आठ-दहा पेडलांची फळी असते. एकाने आवाज घुमतो, एकाने मागे पडसाद येतो, एकाने फाटतो, आणि पुढच्या ओळीला नेमका कुठला दाबायचा ते त्याला बघावंच लागतं. इंग्लंडमधल्या पत्रकारांनी १९९० च्या आसपास अशा बँडांना 'शूगेझ', म्हणजे बुटांकडे बघत बसणारे, असं नावच ठेवलं. वाजवून झाल्यावर शक्य असेल तर जवळ जाऊन ती फळी बघा. प्रत्येक पेडलच्या खुंट्यांजवळ पांढऱ्या मार्करने खुणा असतात, कुठल्या गाण्याला किती. कुणाच्या वहीत डोकावल्यासारखं वाटतं. वादक सामान आवरत असतात तेव्हा बोलतातही छान. टीशर्ट, सीडी विकायला ठेवली असेल तर एखादी घ्या. पुढच्या गावाचा गाडीखर्च त्यातून निघतो.

बाहेरगावी जायची तयारी असेल तर पुणे, मुंबई, बंगळुरूला असे कार्यक्रम जास्त होतात. मुंबईला दुरोंतो किंवा विदर्भ एक्सप्रेसने रात्रभरात जाता येतं, सकाळी सीएसएमटी, दिवसभर झोप काढा आणि संध्याकाळी ताजे कान घेऊन जा. पुण्याला अजनीहून ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली, पण ती सकाळी निघून रात्री पोचते, त्यामुळे त्याच दिवशीचा कार्यक्रम हुकतो. आदल्या रात्रीची गाडी धरा. समृद्धी महामार्गाने मुंबईला स्वतः गाडी चालवत जाऊन लगेच रात्री परत निघायचा बेत मात्र करू नका. हळू गाण्यांनी माणूस आतून सैल होतो आणि तो रस्ता ७०१ किलोमीटरचा, सरळसोट, डोळे मिटवणारा आहे.

शेवटचं गाणं झालं की पार्किंगकडे पळू नका. असे बँड पुष्कळदा गिटार ॲम्पला टेकवून तशीच वाजती ठेवतात आणि निघून जातात. स्टेजवर कुणी नसतं, आवाज आपला आपण वाढत राहतो, मग बारीक होतो. ते चालू असेपर्यंत मी कुठलाही फेडर खाली घेत नाही. हॉलचे दिवे लागले आणि मी रेकॉर्डवरचं गाणं लावलं, तर ते परत येणार नाहीत, खुशाल निघा. दिवे बंद असतील आणि ॲम्पवरचा लाल ठिपका अजून पेटलेला असेल, तर जागा सोडू नका.